मास्क घातलेला बोलत नाही : व्हिडिओ गेमचा पट करताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. ‘मेट्रो २०३३’ हा व्हिडिओ गेम तुम्ही तीनदा संपवलात. त्यावरून चौघांनी एकाच बाजूने खेळायचा, सगळे मिळून जिंकायचा किंवा सगळे मिळून हरायचा पट तुम्ही तयार केलात. साताऱ्यात हॉस्टेलवरच्या मित्रांबरोबर आठ डाव झाले. ३१० कार्डं, ४० पानी नियम, एक डाव पाच तासांचा. दुसऱ्या तासापासून एकच मित्र सगळ्यांच्या सोंगट्या हलवतो आणि बाकीचे तिघे मोबाइल काढतात. ‘वातावरण तर सगळं आणलंय, मग खेळ मेला कुठे?’ असं तुम्ही विचारलंय.

मी सांगलीत अकरा वर्षं पटावरचे खेळ बनवतो आणि दुसऱ्यांचे तपासून देतो. तुमचे नियम दोनदा वाचले, मग टेबलावर मांडून आमच्या रविवारच्या चौघांना खेळायला दिले. माझं उत्तर असं आहे : तुम्ही त्या गेमचं जग पटावर आणलंत, त्यातली अडचण आणली नाहीत. बोगदे आले, स्टेशनं आली, राक्षसी जनावरं आली, चौदा प्रकारच्या बंदुका आल्या. पण मूळ गेममध्ये ज्या क्षणी आपला हात माउसवर थबकतो, तो क्षण वाटेतच राहिला.

तो क्षण कोणता हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तरी मांडतो. ‘मेट्रो २०३३’ हा २०१० साली आलेला, युक्रेनच्या फोर-ए गेम्सने केलेला गेम. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत तगून राहिलेली माणसं. तिथे चलन कोणतं? युद्धाआधी बनलेल्या, लष्करी दर्जाच्या गोळ्या. भुयारात हाताने भरलेली काडतुसं लेचीपेची, ही जुनी गोळी जोरकस. म्हणजे बंदुकीत ती भरून चाप ओढलात की तुम्ही अक्षरशः पैसे उडवता. जनावर अंगावर येतंय, साध्या काडतुसाने ते पडेलच असं नाही आणि चांगली गोळी झाडली तर पुढच्या स्टेशनवर फिल्टर घ्यायला काही उरत नाही. दुसरा क्षण फिल्टरचा. वर जमिनीवर हवा विषारी, मास्कचा फिल्टर किती वेळ टिकेल ते मनगटावरचं घड्याळ सांगतं. एका कोपऱ्यात काहीतरी चमकतंय. तिकडे वळायचं की सरळ जायचं?

या दोन प्रश्नांत तो अख्खा गेम आहे. तुमच्या ३१० कार्डांत हे दोन प्रश्न मला सहा कार्डांवर सापडले.

थोडं बाजूला जाऊन एक सांगतो, कारण ही गोष्ट मला कुठल्याही खेळातून शिकायला मिळाली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली तेव्हा आम्ही सांगलीत पहिल्या मजल्यावर होतो. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका, हे सांगलीतल्या पोरासोरांनाही पाठ असतं. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. प्रलयानंतरचं जग म्हणजे काय हे मी त्या दिवसांत पाहिलं आणि त्यात राक्षस नव्हते. सात घरं, वीज नाही आणि भरलेली एकच पॉवर बँक. कुणाचा फोन चालू ठेवायचा? ज्याचा भाऊ बोटीच्या लोकांशी बोलत होता त्याचा, की जिच्या पोटात आठवा महिना होता तिचा? दुधाची एक पिशवी आली तर ती कुठल्या दारावर? आवाज चढले, मग उतरले, मग जिन्यात बसून ठरलं. जग बुडाल्यावर माणसं काय करतात, तर वाटणी करतात. तुमच्या पटावर चौघंजण वाटणीवरून आवाज चढवत नसतील, तर बोगद्यांची चित्रं कितीही सुंदर असली तरी ते जग तिथे उभं राहणार नाही.

आता तुमच्या खेळाकडे येऊ. पाच तास का लागतात ते आधी बघू, कारण ते सोपं आहे.

संगणक फुकटात हिशेब करतो. पटावर तोच हिशेब कुणातरी माणसाला करावा लागतो आणि तेवढा वेळ तो माणूस खेळत नसतो. मी तुमच्या खेळाची एक फेरी घड्याळ लावून पाहिली आणि हात किती वेळा कशाला लागतो ते मोजलं. बंदुकीची झीज एक घर सरकव, बॅटरी एक घर उतरव, किरणोत्सर्गाची चकती फिरव, आवाजाची खूण काढ, प्रत्येक जनावराची ताकद पुन्हा लिही. चौघांत मिळून ३१ वेळा हात लागला आणि त्यात खरे निर्णय चार. उरलेले २७ वेळा तुम्ही माणसांकडून संगणकाचं काम करून घेतलंत. बंदुकांची झीज काढून टाका. पल्ला काढून टाका. चौदा बंदुकांच्या जागी तीन ठेवा आणि तिसरीही गरज पडली तरच. हाताने चार्जर दाबून टॉर्च भरायची ती मूळ गेममधली सुंदर गोष्ट मात्र सोडू नका, पण तिचे सोळा आकडे कशाला हवेत? दिवा लखलखीत, दिवा मिणमिणता, दिवा विझलेला, इतकंच. एक कार्ड फिरवलं की झालं.

जिथे हिशेब टाळता येत नाही, तिथे तो वस्तूकडून करून घ्यावा. ‘फ्रॉस्टपंक’चा पटावरचा अवतार पाहा. मूळ गेम २०१८ चा, गोठलेल्या जगात एका भट्टीभोवती वसलेलं शहर. पटावर त्यांनी भट्टीचा एक उभा मनोराच दिला. कोळशाचे ठोकळे वरून टाकायचे, काही आत अडकतात, काही घरंगळत खाली येतात आणि भट्टीवर किती ताण आला ते खाली पडलेल्यांवरून कळतं. संगणकातलं सूत्र गुरुत्वाकर्षणाने सोडवलं आणि वर चौघांचे श्वास रोखले गेले. तुम्हाला इतका खर्च नको. माझ्याकडे चिंचोके आहेत, तुमच्याकडेही असतील.

फिल्टर चिंचोक्यांनी करून बघू. वरच्या जमिनीवरून जाणारी वाट सहा घरांची. प्रत्येक घराला एक श्वास, म्हणजे एक चिंचोका खर्च. चौघांना सुरुवातीला पाच-पाच द्या. चौघांना पार व्हायला २४ लागतात, टेबलावर आहेत २०. प्रत्येकाला अगदी एकच कमी पडतोय. एकजण मागे थांबला आणि त्याने आपले पाच दिले, तर तिघांना १८ पुरतात आणि दोन उरतात. पण मग तो एकटा, अंधारात, दोन फेऱ्या. हे मी आमच्या चौघांसमोर मांडलं तेव्हा कुणी नियमांचं पान उलटलं नाही. ‘मी थांबतो, माझ्याकडं गोळ्या जास्त हाईत.’ ‘आरं, म्हणूनच तू यायला पायजेस.’ सहा मिनिटं हे चाललं होतं. तुमच्या पाच तासांच्या डावात इतकी जिवंत सहा मिनिटं मला मिळाली नव्हती आणि हा नियम तीन वाक्यांचा आहे. एकच अट घाला : चिंचोका द्यायचा तर दोघांच्या सोंगट्या एकाच घरात हव्यात. नाहीतर टेबलभर वाटप सुरू होतं आणि अंतराला अर्थ उरत नाही.

इथून मी अशा मुद्द्यावर येतो जो तुमच्या खेळात सगळ्यात जास्त चुकला आहे आणि ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. तुम्ही सगळ्या गोळ्या, सगळं औषध, सगळे फिल्टर पटाच्या मधोमध एका ढिगात ठेवलेत. ‘सहकारी खेळ आहे, म्हणून सगळं सामाईक’ असा विचार असणार. पण आपल्या भागात सहकार म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. साखर कारखाना सगळ्यांचा असतो, तरी काट्यावर प्रत्येक सभासदाचा ऊस वेगळाच तोलला जातो. म्हणूनच माणूस आपली गाडी घेऊन रांगेत उभा राहतो. मधल्या ढिगातली गोळी कुणाचीच नसते. ती झाडताना कुणाचं काही जात नाही, म्हणून हात थबकत नाही आणि ‘गोळी की पैसा’ ही मूळ गेमची सगळी कळ तिथेच बोथट होते.

चांगल्या गोळ्या बारा ठेवा, प्रत्येकाला तीन, बंद मुठीत. आपल्या मुठीत किती उरल्यात हे तोंडाने सांगायला हरकत नाही, मूठ उघडून दाखवायची मात्र नाही. कुणीही खोटं बोलणार नाही, सगळे एकाच बाजूचे आहेत. तरी माणूस ‘दोन’ म्हणतो तेव्हा एका क्षणाचा जो विराम येतो, त्या विरामात खेळ असतो. एखादा भिडू आपली शेवटची गोळी दुसऱ्यासाठी झाडतो, तेव्हा ते त्याचं देणं होतं. सामाईक ढिगातून असं देणं घडूच शकत नाही.

हे सुरुवातीपासून ठरवावं लागतं, मागाहून चिकटवता येत नाही. ‘फॉलआउट’ या व्हिडिओ गेमवरून २०१७ साली पटावरचा खेळ आला, तो एकमेकांविरुद्ध होता. प्रत्येकजण आपापलं वजन वाढवायचा. नंतर ‘अॅटॉमिक बाँड्स’ नावाची पुरवणी निघाली आणि त्यातून एकत्र खेळायची सोय झाली. तो खेळ मला आवडतो, पण पाया एका घराचा आणि वरचा मजला दुसऱ्या घराचा हे खेळताना जाणवतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून चौघांचा विचार केलात, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

आता तो सगळ्यांच्या सोंगट्या हलवणारा मित्र. त्याला दोष देऊ नका. त्याला खेळ कळतोय आणि तुमच्या नियमांनी त्याला सगळं दाखवलंय. सगळी माहिती उघडी, वेळेचं बंधन नाही, सगळ्यांचं ध्येय एक. अशा खेळात जो सगळ्यांत चांगला हिशेब करतो तो एकटाच खेळतो, बाकीचे त्याचे हात होतात. सांगली हे भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळ रुजवलेलं गाव. आमच्या रविवारच्या टेबलावर दोघे जुने बुद्धिबळपटू आहेत. उघड्या माहितीचा सहकारी खेळ ते दुसऱ्या फेरीतच सोडवून मोकळे होतात. त्यांना गप्प बसा म्हणून चालत नाही, त्यांच्या हुशारीला अडेल असं काही पटावरच असावं लागतं.

ते अडवायचे रस्ते लोकांनी आधीच शोधून ठेवलेत. ‘हनाबी’त तुमची पानं सगळ्यांना दिसतात, फक्त तुम्हाला नाही, आणि खुणा मोजक्या देता येतात. २०१३ साली त्या छोट्या खेळाला जर्मनीचा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. ‘स्पिरिट आयलंड’मध्ये प्रत्येकाच्या हातातला मामला इतका गुंतागुंतीचा असतो की दुसऱ्याचं बघायला डोकंच उरत नाही. ‘डेड ऑफ विंटर’मध्ये सगळ्यांचं एक ध्येय, शिवाय प्रत्येकाचं एक गुपित. ‘धिस वॉर ऑफ माइन’च्या पटावर म्होरकेपण फिरतं असतं, एकाकडून दुसऱ्याकडे जातं. यातला कोणताही रस्ता उचलून तुमच्या खेळात बसवता येईल. पण मला वाटतं तुम्हाला उचलायची गरजच नाही, कारण तुमच्या मूळ गेममध्ये याचं उत्तर पडलेलं आहे आणि ते इतकं जवळ होतं की दिसलं नाही.

मास्क.

वर जमिनीवर मास्क असतो. मास्क घातलेला बोलत नाही. ज्याची सोंगटी वर आहे त्याने बोलायचं नाही, बस. टेबलावर एक टिचकी म्हणजे थांब, दोन म्हणजे या. याखेरीज काही नाही. तुमचा हुशार मित्र जोपर्यंत भुयारात आहे तोपर्यंत त्याने खुशाल योजना आखाव्यात. ज्या क्षणी त्याची सोंगटी वर जाईल, त्या क्षणी त्याची जीभ बंद, आणि पहिल्यांदाच उरलेल्यांना स्वतः ठरवावं लागेल. जे वर गेले त्यांना आपसांतही बोलता येणार नाही. चिंचोका द्यायचा की नाही ते डोळ्यांनी ठरेल.

याच्या जोडीला अंधार. बोगद्याचा नवा तुकडा उलटला की तो फक्त दिवा असलेल्याने बघायचा आणि तोंडाने सांगायचा. ‘डावीकडं फाटा आहे, पाणी साचलंय, पुढं काहीतरी हाललं.’ दिवा मिणमिणता असेल तर तीन सेकंद बघून पालथा. मग दिवा कुणाकडे द्यायचा हाही प्रश्न होतो, आणि आमच्याकडे एका आजीबाईंकडे दिवा दिल्यावर जे वर्णन ऐकायला मिळालं तसं कुठल्याही कार्डावर लिहून येणार नाही. तुम्ही कार्डांवर इंग्रजीत छापलेली वातावरणाची लांबलचक वर्णनं यामुळे निम्मी गळून पडतील. जी ठेवाल ती मराठीत लिहा आणि एका दमात मोठ्याने वाचता येतील एवढीच लिहा. वाचणाऱ्याला मध्ये श्वास घ्यावा लागला तर ऐकणारे पाणी प्यायला उठतात.

दोन नियम, एकूण चार वाक्यं. हे करून बघा, मग तुमच्या मित्राची तक्रार येते का ते कळवा. आमच्या बुद्धिबळवाल्यांनी तर दुसऱ्या डावाला स्वतःहून वर जायचं मागून घेतलं.

जनावरं कशी चालवायची हे तुम्ही सात पानांत लिहिलंय. प्रत्येक जातीचा वेगळा तक्ता, त्यात ‘सर्वांत कमकुवत खेळाडूकडे जाते’ असं वाक्य. कमकुवत म्हणजे जखमी की गोळ्या कमी असलेला? आमच्याकडे याच वाक्यावर दहा मिनिटं गेली. माझा सरळ निकष असा आहे : जनावर कुठे जाणार हे टेबलावरच्या सगळ्यांत लहान मुलाला न विचारता कळलं पाहिजे. सगळ्यांत जवळच्या आवाजाकडे जातं. दोन आवाज सारख्याच अंतरावर असतील तर उजेडाकडे. आवाज नसेल तर जागेवर. गोळी झाडली की त्या घरात आवाजाची एक खूण. आता तुमचे भिडू मुद्दाम आवाज करून जनावराला दुसरीकडे ओढून नेतील, आणि ते तुम्ही कुठेही लिहिलेलं नसेल.

धोका कसा वाढवायचा याबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो. तुमच्याकडे प्रत्येक फेरीला फासा पडतो आणि सहा आला की हल्ला. यात दोन दोष. पहिला, फाशाला आठवण नसते. सलग तीन सहा पडतात, किंवा तासभर एकही नाही. व्हिडिओ गेममध्ये पडद्याआड सूत्रं सांभाळता येतात, फाशाला ती सांभाळता येत नाहीत. दुसरा दोष जास्त मोठा : फासा पडेपर्यंत काहीच दिसत नाही, म्हणून त्याआधी बोलण्यासारखं काही नसतं.

पुन्हा पुराकडे येतो. कोयनेतून किती क्युसेक सोडलं याची बातमी आधी येते, पाणी मागाहून येतं. मधल्या वेळात सगळं घडतं. सामान वर चढतं, जनावरं सोडली जातात, म्हातारी माणसं नातेवाइकांकडे रवाना होतात आणि ‘इतकं येत नाही’ म्हणणारे जागेवरून हलत नाहीत. भीती बातमीत असते. तुमच्या खेळातही बातमी आधी येऊ दे. धोक्याचा वीस पत्त्यांचा गठ्ठा करा, त्यात सात वाईट. वरचे दोन पत्ते कायम उघडे, म्हणजे दोन फेऱ्यांनी काय येणार ते दिसतंय, फक्त कुठे येणार ते त्या वेळी कळेल. पत्त्यांना आठवण असते. पहिले तिन्ही वाईट निघाले तर उरलेल्या १७ मध्ये चारच राहिले, आणि टेबलावर कुणीतरी हे मोजतंच. ‘आता थोडं बरं आहे, आत्ताच निघू’ हे वाक्य फाशाने कधीच मिळणार नाही.

शिवाय २००८ सालच्या ‘पँडेमिक’ मधली युक्ती अभ्यासा. मॅट लीकॉकने त्यात साथ भडकवणारं पत्त्याचं पान ठेवलं. ते निघालं की आतापर्यंत टाकलेले शहरांचे पत्ते पिसून पुन्हा गठ्ठ्याच्या वर ठेवायचे. म्हणजे जिथे आग लागली होती तिथेच पुन्हा लागणार हे सगळ्यांना ठाऊक, फक्त क्रम ठाऊक नाही. आणि खेळ सोपा-अवघड करायला एकच किल्ली : अशी पानं चार, पाच किंवा सहा. तुमच्या नियमांत अवघडपणा वाढवायचे नऊ तक्ते आहेत. एक किल्ली शोधा. माझ्या मते तुमची किल्ली सुरुवातीचे चिंचोके आहेत. पाच म्हणजे सोपं, चार म्हणजे जिवावरचं.

मरणाचं काय, हे तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, पण तो छोटा प्रश्न नाही. व्हिडिओ गेममध्ये मेलात की मागच्या जागेवरून पुन्हा सुरू. पटावर मेलेला माणूस तुमच्या खोलीत, तुमच्याच शेजारी, दीड तास बसून राहतो. तुमच्या तिघा मित्रांतले दोघे मोबाइलवर होते ते मेलेले होते, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण नियमांवरून मी ताडलं. ‘धिस वॉर ऑफ माइन’ हा गेम २०१४ चा, सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. त्याचा पट २०१७ साली आला तेव्हा त्यांनी पात्रं कुणा एकाची ठेवलीच नाहीत. घरात लपलेली सगळी माणसं सगळ्यांची. कुणी मेलं तर सगळ्यांचं माणूस जातं आणि कुणीही टेबलावरून उठत नाही. तुमच्याकडे मुठीतल्या गोळ्या हव्यात, म्हणून ही युक्ती जशीच्या तशी चालणार नाही. माझा सल्ला : मेलेल्याची मूठ त्याच घरात उघडी पडते, आणि पुढच्या स्टेशनवरून तोच भिडू नवा माणूस घेऊन येतो, एक गोळी आणि विझलेला दिवा घेऊन. जुन्या माणसाच्या गोळ्या आणायला परत जायचं का, हा प्रश्न मी सांगायच्या आधीच तुमच्या डोक्यात आला असेल.

मूळ गेममधली शेवटची एक गोष्ट मला मनापासून आवडते आणि ती तुम्ही गाळलीत. तुम्ही वाटेत कसे वागलात याचा गेम गुपचूप हिशेब ठेवतो. भिकाऱ्याला गोळी दिलीत का, थांबून लोकांचं बोलणं ऐकलंत का. शेवट त्यावर ठरतो, पण आकडा कधीच दाखवला जात नाही. पटावर गुपचूप हिशेब ठेवणारं कोणी नसतं, म्हणून तुम्ही सोडून दिलं असेल. मातीचा गल्ला घ्या, पोरांचा असतो तो. ठरावीक प्रसंगी प्रत्येकाने मुठीतून एक दाणा आत टाकायचा. हरभरा म्हणजे मी मदत केली असती, वाटाणा म्हणजे मी माझं पाहिलं असतं. हरभरा टाकणाऱ्याने एक श्वास सोडून द्यायचा, पण तो श्वास टेबलाखालच्या पिशवीत जातो, कुणाला दिसत नाही. डाव संपला की गल्ला ओता आणि मोजा. कोणी काय टाकलं ते कळणार नाही, आपण सगळे मिळून कसे वागलो ते कळेल. आमच्या चौघांनी गल्ला ओतला तेव्हा बारा दाण्यांत हरभरे तीन निघाले. डाव जिंकला होता, तरी कुणी टाळी दिली नाही. मग सगळे आपापली बाजू सांगत बसले. मला घरी जायला रात्रीचे साडेअकरा झाले.

छपाईचं विचारलंत. आत्ता काही छापू नका. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहा. छापलेल्या कार्डावर काट मारायला जीव होत नाही आणि तुम्हाला अजून अडीचशे कार्डांवर काट मारायची आहे. साठेक उरली आणि तीन वेगळ्या टेबलांवर टिकली की मग प्रेसमध्ये जा. ६३ बाय ८८ मिलिमीटरचं नेहमीचं पत्त्याचं माप धरलं तर बारा बाय अठरा इंचाच्या शीटवर कापायची जागा सोडून अठरा कार्डं बसतात, म्हणजे चार शीटमध्ये तुमचं काम होतं. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी केलंत तर दिव्याखाली चकाकतं आणि पिसताना घसरतं.

हॉस्टेलच्या टेबलावर तुम्ही काय खेळता याने कुणाचं काही बिघडत नाही. विकायचा असेल तर मूळ गेमचं नाव, चित्रं, पात्रं, संवाद यातलं काहीही परवानगीशिवाय वापरू नका, ते सगळं हक्काखाली येतं. खेळ कसा चालतो त्यामागच्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, पण नियमांचा लिहिलेला मजकूर ज्याचा त्याचा असतो. श्वास, मूठ, मास्क, गल्ला हे आता तुमच्या पटावर उभं राहिलंय आणि त्याला मॉस्को लागत नाही. हरिपूर, सांगलीवाडीकडे हळद साठवायला जमिनीखाली पेवं असायची. तोंड बंद केलेल्या पेवात हवा धोक्याची असते, म्हणून जाणकार माणूस ते उघडल्यावर लगेच आत उतरत नाही. तुमचं भुयार तुमच्या जवळपासच कुठेतरी असेल. साताऱ्याच्या बाजूला तर डोंगर पोखरून काढलेले बोगदे आहेत.

पुढचे तीन डाव असे घ्या. पहिला जुन्याच चौघांबरोबर, पण फक्त चिंचोके, मुठी आणि मास्क, बाकी सगळं खोक्यात. दुसरा अशा चौघांबरोबर ज्यांनी मूळ गेम पाहिलेला नाही, आणि त्यात एक तरी पन्नाशीपुढचं माणूस असू दे. तिसऱ्या डावाला खोकं टेबलावर ठेवून तुम्ही खोलीच्या कोपऱ्यात बसा. नियम चुकले तरी तोंड उघडायचं नाही, फक्त वहीत वेळ लिहायची : कधी हसले, कधी आवाज चढला, कधी कुणी मोबाइल काढला. संपल्यावर ‘आवडला का’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘कुठे भांडलात’ विचारा. त्या वहीची पानं मला पाठवा, नियम नकोत. धोक्याच्या गठ्ठ्यात वाईट पत्ते सात ठेवायचे की आठ, ते मी त्या पानांवरून सांगेन.